टार्गेटेड औषधाचा कोर्स मधेच सुटू नये म्हणून मदत हवीय

नमस्कार मंडळी, रुग्ण मदत गटाकडून हे आवाहन. कॅन्सरच्या टार्गेटेड औषधांसाठी (म्हणजे कॅन्सरच्या पेशीतल्या ठरावीक भागावर नेम धरणाऱ्या औषधांसाठी) आपण जो फंड चालवतो त्यात सध्या पैसे कमी पडतायत, आणि ही औषधं पैशाअभावी मधेच सोडायची नसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात, बाहेरून वाढीचा निरोप आला की ते तो आत पोचवतात आणि पेशी वाढून दुभंगते. ब्रेस्ट कॅन्सरच्या साधारण १५ ते २० टक्के पेशंटमध्ये हर-टू नावाचा रिसेप्टर प्रमाणाबाहेर झालेला असतो, त्यामुळे "वाढ, वाढ" हे थांबतच नाही. ट्रास्टुझुमॅबचं इंजेक्शन बाहेरून त्याला चिकटून तो निरोप अडवतं, शिवाय शरीराच्या प्रतिकारशक्तीला ती पेशी दाखवून देतं. लंग कॅन्सरमध्ये काहींच्या ईजीएफआर रिसेप्टरमध्ये बिघाड असतो, तिथे गेफिटिनिब, ऑसिमर्टिनिब अशा गोळ्या पेशीत शिरून रिसेप्टरचा आतला भाग बंद पाडतात.

पण हे कोणाला लागू पडेल ते टेस्टशिवाय कळत नाही. हर-टूसाठी बायोप्सीच्या तुकड्यावर आयएचसी (रिसेप्टर किती आहे ते रंगावरून दाखवणारी टेस्ट) करतात, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह, २+ आलं की नक्की सांगता येत नाही म्हणून फिश टेस्ट (हर-टूचा जीन वाढलाय का ते बघणारी) लागते, आणि नेमके इथेच काही जण अडकतात कारण टेस्टलाच पैसे नसतात!! मला विचाराल तर पहिला पैसा इथेच जावा. रिसेप्टर वाढलेला किंवा बिघडलेलाच नसेल तर औषधाचा फायदा नाही, खर्च आणि साइड इफेक्ट मात्र होतातच.

सुरुवातीच्या स्टेजला ट्रास्टुझुमॅब साधारण वर्षभर चालतं, बऱ्याचदा दर ३ आठवड्यांनी, आणि हार्टवर परिणाम होऊ शकतो म्हणून अधूनमधून इको (हार्टची सोनोग्राफी) करावा लागतो. चार-पाच डोस झाले, पैसे संपले, पेशंट यायचा बंद झाला, हे बघवत नाही हो.

म्हणून दरमहा थोडी का होईना, ठरलेली रक्कम द्या, म्हणजे पुढच्या डोसची तजवीज आधीच करता येते. डॉक्टर हो म्हणाले तर आपण बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच, दुसऱ्या कंपनीने बनवलेलं स्वस्त औषध) घेतो, त्यात तेवढ्याच पैशात जास्त डोस बसतात. इकोच्या दिवशी सोबत जायला माणसंही हवीत. घरात उरलेली इंजेक्शनं मात्र कृपया आणू नका, ती २ ते ८ डिग्रीतच ठेवावी लागतात आणि मधे कशी राहिली ते कळायला मार्ग नसतो.

ज्यांना मदत हवीय त्यांनी बायोप्सीचा रिपोर्ट आणि डॉक्टरांची चिठ्ठी गटाच्या कार्यकर्त्यांकडे द्या, नाव कुठेही जाहीर होणार नाही.