नव्या नाटकासाठी मदत हवीय, मंडळाच्या सगळ्यांना आवाहन

सगळ्यांना नमस्कार, तालमीतनं उठून घाईत टाइप करतेय.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला नाटक उभं केलं ते आपल्या सांगलीत, हरिपूरच्या देवलांनी ‘शारदा’ नाटकात म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या पोरीचं दुःख १८९९ ला स्टेजवर आणलं, आपलं मंडळ या मातीतलं आहे. २०१९ च्या महापुरात आपलं सगळं सामान बुडालं तेव्हा गणपती पेठेतल्या हळदवाल्या काकांनी न विचारता प्लायवूडचा टेम्पो पाठवला, शाळेतल्या बाईंनी पेन्शनमधले पैसे दिले पण पावतीवर नाव घालू दिलं नाही, मिरजेच्या चाचांनी भिजलेला तंबोरा महिनाभर खपून परत बोलता केला आणि मजुरी घेतली नाही. आजही नांदी त्याच तंबोऱ्यावर होते.

आता नवीन दोन अंकी घेतलंय. दहावीतली पोरगी, नात्यातल्याच माणसाने तिच्यावर अत्याचार केलाय, आणि नाटक सुरू होतं त्यानंतर आठ महिन्यांनी. ती घटना आम्ही स्टेजवर अजिबात दाखवत नाही. तिला केस कापायचेत, वर्गातला एकजण आवडतोय, सायकलवरनं एकटीने क्लासला जायचंय, आणि घरच्यांना मात्र तिच्यात फक्त ती कोर्टकेस दिसते. कबड्डीत पकड झाली की तिचं अंग आखडतं, आणि एक दिवस ती स्वतःहून म्हणते, धर मला. तो सीन बसला तेव्हा हॉलमध्ये कुणी बोललं नाही.

समुपदेशक ताई पहिल्या वाचनापासून बसतात. आम्ही कोर्टात वकील पोरीवर ओरडतोय असं लिहिलेलं, ते त्यांनी काढायला लावलं, कारण मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठीच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यात साक्ष देताना आरोपी मुलीच्या समोर येऊ द्यायचा नसतो आणि टोचून प्रश्न विचारू द्यायचे नसतात. भूमिका करणारी मुलगी कॉलेजातली आहे, अठरा पूर्ण. गोष्ट कुणा खऱ्या मुलीची नाही, कृपया गावात शोधत बसू नका.

वाईट एवढंच वाटलं की गेल्या वर्षी विनोदी नाटकाला जाहिराती चालत दारात आल्या, आणि आता ऐकायला मिळतं, असले विषय कशाला, पोरीबाळी येतात बघायला. ग्रुपवर नव्वद अंगठे, देणग्या चार. २००७ च्या केंद्र सरकारच्या पाहणीत तेरा राज्यांतल्या, त्यात आपलंही आलं, निम्म्याहून जास्त मुलांनी कुठला ना कुठला लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलेलं. पोरीबाळींनी यायलाच पाहिजे, आणि पोरांनीही.

खर्च १ लाख १० हजार, जमा ४२, नाट्यगृह लाइट नेपथ्य टेम्पो सेन्सॉर सगळं धरून ६८ कमी पडतायत, ५०१ पासून कितीही, खजिनदारांच्या नेहमीच्या नंबरवर जीपे करून स्क्रीनशॉट टाका, रोख असेल तर सातनंतर तालमीच्या हॉलवर, पावती मिळेल. प्रयोग रंगभूमीदिनाच्या आठवड्यात, आठवी ते बारावी फ्री पण घरचं मोठं माणूस सोबत हवं, तिकिटाच्या मागच्या बाजूला १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर छापतोय, प्रयोगानंतर ताई तासभर थांबतील. दोन स्पॉटलाइट आणि एक जुनी लेडीज सायकल पण हवीय, सायकल शुक्रवारच्या आत द्या कुणीतरी, तिच्याशिवाय पहिला प्रवेश बसतच नाहीये.

– चिटणीस