खेळायला अनोळखी भिडू हवा

मा. संपादक,
सनविवि.

मुलं मोबाईलमध्ये घुसलीयत, त्यांना बैठे खेळ द्या, अशा अर्थाचं तुमच्या पेपरात अधूनमधून येतं ते वाचून लिहितोय. पटतं, पण खेळ कुठला यापेक्षा कोणासोबत खेळतोय हे जास्त महत्त्वाचं असं मला हल्ली वाटायला लागलंय.

मी पुण्यात नववी-दहावीला गणित शिकवतो. दोनेक वर्षांपूर्वी भाच्याने ओढून एका कॅफेत नेलं, तिथे रविवारी लोक बोर्ड गेम खेळायला जमतात आणि कोणी कोणाला ओळखत नाही. मला वाटलं सगळी कॉलेजची पोरं असतील, तर आमच्या टेबलावर बँकेतून रिटायर झालेल्या एक काकू, एक आयटीवाला आणि बारावीची मुलगी. नावं कोणी विचारलीच नाहीत, ज्याचा जो रंग तेच नाव, अहो निळे तुमची टर्न! खेळ होता कॅटान, १९९५ चा जर्मन खेळ, विटा लाकडं मेंढ्या गोळा करून वस्त्या बांधायच्या, आणि देवाणघेवाण केल्याशिवाय फारसं पुढे सरकता येत नाही त्यामुळे तोंड उघडावंच लागतं. पटावरच्या जमिनींना नंबर असतात, दोन फाशांची बेरीज तेवढी आली की लागून वस्ती असलेल्याला माल मिळतो. मी ऐटीत १२ नंबरला लागून वस्ती टाकली. काकू म्हणाल्या, अहो निळे, बारा पडणार कधी, ६ आणि ८ लाल छापलेत ते उगाच का? दोन फाशांच्या ३६ शक्यता, त्यात ६ पाच वेळा, ८ पाच वेळा, १२ एकदाच, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो हो! पण मी मास्तर आहे हे तिथे कोणाला ठाऊक नव्हतं म्हणून हसून मोकळा झालो, स्टाफरूममध्ये असं झालं असतं तर महिनाभर ऐकून घ्यावं लागलं असतं.

मग वर्गात करून बघितलं. ५०-५५ पोरांना फासे कुठून आणणार, म्हणून चिंचोके फोडले, एक बाजू पांढरी एक काळी, चार टाकायचे आणि जितके पांढरे तितकी घरं पुढे. पहिल्यांदा मित्रामित्रांचे गट केले आणि पार बोऱ्या वाजला, एकच हुशार पोरगा सगळ्यांच्या सोंगट्या हलवतोय, बाकीचे गप्पा मारतायत. दुसऱ्यांदा चिठ्ठ्या टाकून गट पाडले. तेव्हा कळलं की एकाच वर्गातली पोरंसुद्धा एकमेकांना किती अनोळखी असतात. आता नियम मोठ्याने सांगावे लागले, भांडावं लागलं, मोजून दाखवावं लागलं. जूनपासून एक शब्द न बोललेली एक मुलगी कागद घेऊन आली, सर तुमचं चुकतंय, दोन पांढरे १६ मध्ये ६ वेळा यायला पाहिजेत पण आमचे येतच नाहीत, चिंचोके एकाच बाजूवर जास्त पडतात. बरोबर होतं तिचं! पुस्तकात 'समसंभाव्य', म्हणजे प्रत्येक शक्यता सारखीच, हा शब्द का लिहिलेला असतो ते त्या दिवशी सगळ्या वर्गाला कळलं.

अडचणी आहेत. तास ३५ मिनिटांचा, त्यातली दहा मांडामांडीत जातात, आणि शाळेत खेळायला पाठवतो का असं एका पालकांनी ऐकवलंही. 'व्यापार' हा मोनोपॉलीसारखा खेळ तर वर्गात नकोच, कंगाल झालेलं पोर अर्धा तास भिंतीकडे बघत बसतं. गंमत म्हणजे मोनोपॉली ज्यावरून निघाला तो मूळ खेळ एलिझाबेथ मॅगी नावाच्या बाईंनी १९०४ मध्ये अमेरिकेत पेटंट केलेला, जमीनमालक भाडं खाऊन कसे गब्बर होतात ते लोकांना दाखवायला, आणि आपण तो गब्बर व्हायला खेळतो.

तर विनंती अशी की रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पानावर महिन्यातून एकदा अर्धं पान एखादा पट छापा, कापून पुठ्ठ्यावर चिकटवता येईल असा. नियम मी लिहून देतो, चिंचोके ज्याचे त्याने आणावेत.

– एक गणित शिक्षक, पुणे