नॉर्विचहून पत्र: मनोऱ्यातील मंगळवार

नॉर्विच,
१६ नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
मृणालचा शिरसाष्टांग नमस्कार.

फराळाचा डबा सुखरूप पोहोचला. कडबोळी आणि अनारसे दोन्ही उत्तम टिकली आहेत आणि मी ती पुरवून खाते आहे. माझी प्रकृती चांगली आहे, मागच्या महिन्यातला खोकला पूर्ण गेला आहे आणि खोली उबदार आहे, तेव्हा थंडीबद्दल कृपया काळजी करू नये. रुग्णालयातील औषधविभागाचे काम तुम्हाला ठाऊक आहे तसेच चालू आहे. त्याविषयी नवे लिहिण्यासारखे काही नाही.

मंगळवारी संध्याकाळी माझा फोन का लागत नाही, असे आईने विचारले होते. मी चर्चच्या मनोऱ्यात असते, हे उत्तर ऐकून तुम्ही दोघेही गप्प झालात, आणि त्यानंतर आत्याचा जो निरोप आला त्यावरून घरात काय बोलणे झाले असेल याची कल्पना आली. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. मी प्रार्थनेला जात नाही, कोणी मला बोलावतही नाही आणि धर्माचा विषय तेथे कधी निघत नाही. मी घंटा वाजवायला शिकते आहे. आमच्या गटात नियमाने चर्चला जाणारी माणसे आहेत, तशीच देव अजिबात न मानणारीही आहेत, आणि दोर हातात असताना त्यांच्यात काडीचाही फरक दिसत नाही.

हा प्रकार नीट समजावून सांगितल्याशिवाय त्यात इतके काय आहे हे कळणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. आपल्याकडे देवळातली घंटा टांगलेली असते आणि लोळी हलवली की ती वाजते. इथे इंग्लंडमध्ये घंटा एका मोठ्या लाकडी चाकाला जोडलेली असते. वाजवण्यापूर्वी ती झोके देत देत उलटी, म्हणजे तोंड आकाशाकडे करून उभी करतात. मग खालच्या खोलीतून दोर ओढला की ती एक पूर्ण फेरी घेते, एकदा वाजते आणि पुन्हा तोंड वर करून थांबते. पुढच्या ओढीला उलट दिशेने तसेच. शेकडो किलोंचे हे धूड एकदा निघाले की मध्ये अडवता येत नाही. लिव्हरपूलच्या कॅथेड्रलमधील अशा फिरणाऱ्या घंटांपैकी सर्वांत मोठी तर चार टनांहून अधिक वजनाची आहे आणि तीही अशीच फिरवतात. वाजवणाऱ्याच्या हातात फक्त इतकेच असते की, ती वर तोल साधून उभी असताना तिला किंचित अधिक थांबवायचे किंवा किंचित लवकर सोडायचे.

या एवढ्याशा मुभेतून इथल्या लोकांनी सुमारे चारशे वर्षांपासून एक अफाट खेळ उभा केला आहे. अशा घंटेवर सूर धरून गाणे वाजवता येत नाही, म्हणून ते क्रम वाजवतात. प्रत्येक ओळीत प्रत्येक घंटा एकदाच वाजली पाहिजे, पुढच्या ओळीत कोणतीही घंटा आपल्या जागेवरून एका घरापेक्षा जास्त सरकता कामा नये, आणि एकदा आलेली ओळ पुन्हा येता कामा नये. चार घंटांचा सर्वांत सोपा नमुना असा जातो: १२३४, २१४३, २४१३, ४२३१, ४३२१, ३४१२, ३१४२, १३२४ आणि पुन्हा १२३४. बाबा, पहिली घंटा एकेक घर मागे जात शेवटाला पोहोचते आणि तशीच परत येते, हे तुम्ही कागदावर रेघ ओढून पाहा. इथे शिकणाऱ्याला अशीच निळी रेघ पाठ करायला सांगतात. चार घंटांचे एकूण क्रम २४, पाच घंटांचे १२०, सहांचे ७२० आणि सातांचे ५०४०. बारा घंटांचे क्रम ४७ कोटी ९० लाखांच्या वर जातात. ते सारे अहोरात्र वाजवायचे म्हटले तर तीस वर्षांहून अधिक काळ लागेल.

समोर कागद ठेवायचा नाही, असा दंडक आहे. सगळे डोक्यात ठेवायचे आणि इतरांचे दोर पाहत, कानाने आपली जागा शोधत वाजवायचे. एक जण सूत्रधार असतो. तो स्वतः वाजवत असतानाच ठरावीक ठिकाणी ‘बॉब’ किंवा ‘सिंगल’ असे ओरडतो आणि त्या क्षणी ठरावीक घंटांची वाट बदलते. पाच हजारांहून अधिक क्रम न थांबता, न चुकता वाजवले की त्याला पील म्हणतात. त्याला साधारण तीन तास लागतात आणि तेवढ्या वेळात माणूस बदलता येत नाही, पाणी प्यायला थांबता येत नाही.

आमच्या शहराला याचा विशेष अभिमान आहे. बाजारपेठेला लागून असलेल्या सेंट पीटर मॅन्क्रॉफ्ट या चर्चमध्ये २ मे १७१५ रोजी सातही घंटांचे ५०४० क्रम एकदाही पुनरावृत्ती न होता वाजवले गेले आणि जगातील पहिला खरा पील म्हणून तोच मानला जातो. त्याच्या नोंदीची फळी तेथील घंटावादनाच्या खोलीत भिंतीवर आहे. आठ घंटांचे सगळे ४०,३२० क्रम मनोऱ्यातल्या घंटांवर एका बैठकीत, माणसे न बदलता, आजवर एकदाच वाजले आहेत. जुलै १९६३ मध्ये लफबरोच्या घंटा ओतण्याच्या कारखान्यात आठ माणसांनी १७ तास ५८ मिनिटे दोर सोडले नाहीत.

हे वाचून बाबांना काय आठवेल ते मला ठाऊक आहे. सात स्वरांचे ५०४० क्रम. मी पहिल्यांदा हा आकडा मनोऱ्यात ऐकला तेव्हा मला तुमच्या मेरुखंडाच्या, म्हणजे स्वरांचे सगळे क्रम मांडण्याच्या, वह्याच डोळ्यांसमोर दिसल्या. शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात देवगिरीला बसून ‘संगीतरत्नाकरा’त हेच मांडले, सात स्वर एकेकदाच घेऊन किती ताना होतात आणि अमुक क्रमांकाची तान कोणती हे खंडमेरू या तक्त्याच्या घरांवरून कसे काढावे, हे तुम्हीच मला शाळेत असताना समजावले होते. तो सिंघण यादवाच्या दरबारी हिशेबखात्याचा मोठा अधिकारी होता, हेही तुम्ही फार कौतुकाने सांगत असा. बँकेतून येऊन पेटी पुढ्यात ओढून तुम्ही पलटे लिहीत बसायचात आणि घरात आले-गेलेले सगळे त्याला रिकामा उद्योग म्हणायचे. इथे मी जिच्याकडून शिकते आहे त्या बाई आयुष्यभर पोस्टात होत्या. त्यांच्या टेबलावर तशाच वह्या आहेत, तसेच आकड्यांचे रकाने आहेत आणि चुकीच्या ठिकाणी तशीच लाल पेन्सिलीची खूण आहे. त्यांनी मला त्या दाखवल्या तेव्हा मला बोलायला काही सुचले नाही, आणि त्यांनीही विचारले नाही.

या लोकांची तन्मयता मी दुसरीकडे फारशी पाहिलेली नाही. आमच्या गटात एक छप्पर शाकारणारा आहे, एक विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या बाई आहेत, एक शाळकरी मुलगा आहे. मनोऱ्यात शिरल्यावर कोण काय करतो याला महत्त्व नसते; त्या मुलाची स्टेडमन ही कठीण पद्धत चांगली बसली आहे, म्हणून सगळे त्याला विचारतात. ही पद्धत ज्याच्या नावाने ओळखली जाते तो फेबियन स्टेडमन सतराव्या शतकात लंडनमध्ये छपाईच्या धंद्यात होता आणि त्याचे १६७७ सालचे पुस्तक आजही लोक आदराने उघडतात. ‘द रिंगिंग वर्ल्ड’ नावाचे यांचे साप्ताहिक १९११ पासून निघते, त्यात कोणी कोठे काय वाजवले याच्या नोंदी असतात. सगळ्या मनोऱ्यांची एक सूची आहे, तिच्यात प्रत्येक घंटेचे वजन आणि सूर दिलेला आहे, आणि ती सूची हाताशी धरून सुट्टीच्या दिवशी गावोगावचे मनोरे पालथे घालणारी माणसे आहेत.

मला सर्वांत मोठी वाटली ती एक गोष्ट सांगते. खाली रस्त्याने जाणाऱ्या माणसाला यातला एकही क्रम वेगळा ओळखू येत नाही. त्याला फक्त घंटा वाजत असल्याचे कळते. असे असूनही, वाजवून झालेल्या पीलमध्ये एखादी ओळ दोनदा आली होती असे नंतर कागदावर आढळले, तर तीन तासांची ती मेहनत खोटी ठरते आणि वाजवणारे स्वतःच नोंद मागे घेतात. पैसा नाही, बक्षीस नाही, टाळ्या वाजवणारे कोणी समोर नाही, आणि तरीही हिशेब इतका चोख ठेवतात. मला या माणसांविषयी मनापासून आदर वाटतो.

असे छंद घेऊन बसलेले लोक या भागात पुष्कळ आहेत. उत्तरेच्या किनाऱ्यावर क्ले नावाच्या गावी पक्षी पाहणारे पहाटेपासून दलदलीच्या कडेला दुर्बीण लावून उभे असतात. ती दलदल १९२६ मध्ये पक्ष्यांसाठीच विकत घेऊन राखलेली आहे. शेरिंगहॅम ते होल्ट या जुन्या रेल्वेमार्गावर वाफेची इंजिने चालतात, ती पुसणारे, त्यांत कोळसा घालणारे बहुतेक स्वयंसेवक आहेत. सुरुवातीला मला हे विचित्र वाटायचे. आता एखाद्याला असा नाद नसला तर तो रविवारी काय करत असेल, असा प्रश्न पडतो.

आत्याला एक गोष्ट अवश्य सांगा. गुरुवार पेठेतल्या पंचहौदाच्या पवित्र नाम देवालयाचा जो उंच मनोरा आहे, त्यात आठ घंटांचा असाच संच आहे आणि तो याच लफबरोच्या टेलर कारखान्यात ओतलेला आहे. मी मूळची पुण्याची, असे सांगितल्यावर त्या पोस्टातल्या बाईंनी सूची उघडून भारताच्या नावाखाली पूना हे नाव मला दाखवले. बाबा, तुम्ही त्या बाजूला गेलात तर मनोऱ्याचा एक फोटो काढून पाठवा. इथे सगळ्यांना पाहायचा आहे. याच पंचहौदात १८९० मध्ये टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांनी चहा घेतला म्हणून पुण्यात केवढा गदारोळ झाला होता, हे आत्याने शाळेत मुलांना शिकवलेले आहे. तिने माझ्या मनोऱ्यावर चढण्याबद्दल तेवढे मनाला लावून घेऊ नये.

सरावानंतर सगळे जवळच्या पबमध्ये जातात, हे मी लपवत नाही. मी सरबत घेते आणि त्याबद्दल आजवर कोणी एका शब्दाने बोललेले नाही. येताना त्या बाई मला गाडीने घरी सोडतात, त्यामुळे रात्री एकटीने चालत येण्याचाही प्रश्न नाही. आईने विचारले होते की, तिथे तुझे असे कोण आहे. तर हे आहेत. गेल्या हिवाळ्यात चार वाजताच अंधार व्हायचा, तेव्हा रुग्णालयातून खोलीवर येऊन मी कितीतरी वेळ दिवासुद्धा लावत नसे. ते मी तुम्हाला तेव्हा कळवले नाही, कारण कळवून तुम्ही तिथून काय करणार होतात. आता तसे काही राहिलेले नाही, म्हणूनच लिहिते आहे.

आता घरचे. ओंकारच्या साखरपुड्याला मला येता येणार नाही. औषधविभागात माणसे कमी आहेत आणि लग्नासाठी फेब्रुवारीत सलग रजा हवी असेल तर डिसेंबरमधली सोडावी लागते. मी लग्न निवडले. ओंकार समजूतदारपणे ‘चालेल’ म्हणाला, पण तो असे पटकन ‘चालेल’ म्हणाला की त्याला वाईट वाटलेले असते, एवढे मला कळते. अश्विनीच्या साडीचे पैसे मी वेगळे पाठवते. रंग तिने स्वतः निवडावा, आपण ठरवू नये. कार्यालयाच्या आगाऊ रकमेसाठी दीड लाख रुपये या महिन्याअखेर बाबांच्या खात्यात जमा होतील. त्यासाठी ठेव मोडू नका. मी इथे काटकसर करून उपाशी राहत नाही, आणि घंटा वाजवायला एक पैसाही लागत नाही, हेही आईला सांगा.

बाबांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लग्नानंतर करू, असे तुम्ही म्हणता ते मला मान्य नाही. लग्नात तुम्हाला सगळ्यांचे चेहरे स्पष्ट दिसले पाहिजेत. डॉक्टरांची वेळ डिसेंबरमध्येच घ्या, खर्च माझ्याकडे. त्या आठवड्यात मी तिथे असायला हवी होते. ओंकारला तेवढे दिवस रजा घ्यायला मी सांगितले आहे.

रेडिंगच्या स्थळाविषयी आत्याला मी स्वतः लिहीन. त्यांच्याशी फोनवर बोलणे झाले. माणूस सरळ आणि मनमोकळा वाटला. मंगळवारी मला वेळ नसतो असे मी सांगितले, तेव्हा त्यांनी कारण विचारले आणि पुरते ऐकून घेतले. नाताळात ते इकडे येणार आहेत. याहून अधिक आज काही नाही, तेव्हा पत्रिका जुळवण्याची घाई करू नये आणि सदाशिव पेठेत कोणाला सांगू नये.

आजीला माझा नमस्कार सांगा. तिला ऐकू कमी येते म्हणून फोनवर बोलायचे टाळते असे तिने समजू नये. पुढच्या रविवारी ओंकारने तिला कानाला यंत्र लावून बसवावे, मी सावकाश बोलेन.

तुमची,
मृणाल

ता. क. बाबा, मेरुखंडाच्या वह्यांपैकी निळ्या पुठ्ठ्याची वही फेब्रुवारीत माझ्याबरोबर द्याल का? पोस्टाने पाठवू नका. आणि आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचे नाव बदलले आहे असे ओंकार म्हणाला, तर नव्या पाकिटाचा फोटो मला आजच पाठवा.