ग्लायडिंग सेंटरची जागा : आधी हात बांधून घ्या

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरची जमीन ‘चार हौशी लोकांसाठी’ अडवून ठेवली आहे, असे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. मी सातववाडीत राहणारी निवृत्त गणित शिक्षिका. आमच्या गच्चीवरून ती ग्लायडर दिसतात, म्हणून दोन शब्द लिहिते.

ग्लायडरला इंजिन नसते. मैदानाच्या एका टोकाला विंच असते, ती लांबलचक दोर सपाट्याने गुंडाळते आणि पतंगासारखे ते यान वर चढते. वर गेले की दोर सुटतो. पुढे सगळा खेळ तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेचा. घारी जिथे पंख न हलवता घिरट्या घालतात, तिथेच वैमानिकही जातो. एप्रिलच्या दुपारी सातवी-आठवीच्या मुलांना हे नुसते दाखवले, तरी उष्ण हवा वर का जाते हे फळ्यावर लिहावे लागत नाही. (आमच्या शाळेची सहल मात्र दरवर्षी वॉटर पार्कलाच जायची, ते असो.)

माझी मुलगी अमेरिकेत सांता मोनिकाला असते. तिथला छोटा विमानतळ चक्क त्या शहराच्या महापालिकेच्या मालकीचा आहे. २२७ एकर जागा. डग्लस कंपनीच्या प्रसिद्ध डीसी-३ विमानाने १९३५ साली पहिले उड्डाण तिथूनच केले. पुढे धावपट्टीच्या कडेपर्यंत घरे आली आणि भांडण सुरू झाले : खासगी जेटचा आवाज, छोट्या विमानांच्या पेट्रोलमधले शिसे. शहराची अमेरिकेच्या केंद्रीय विमान खात्याशी वर्षानुवर्षे कोर्टबाजी झाली. अखेर २०१७ मध्ये तडजोड झाली. धावपट्टी सुमारे पाच हजार फुटांवरून साडेतीन हजारांवर आली आणि २०२८ संपल्यावर विमानतळ बंद करण्याची मुभा शहराला मिळाली.

मला महत्त्वाचे वाटते ते याच्याही आधीचे. २०१४ मध्येच नागरिकांनी मतदान करून ठरवून टाकले, की विमानतळ बंद झाला तर त्या जागेवर बाग, मोकळी जागा आणि खेळाच्या सोयी एवढेच होईल. दुसरे काही बांधायचे तर पुन्हा मतदारांना विचारायचे. जमीन मोकळी व्हायच्या आधी हात बांधून घेतले!

आपल्याकडे जेटचा आवाज नाही, शिसे नाही. म्हणजे तिथल्या लोकांची तक्रार इथे लागूच होत नाही. जमिनीचा भाव तेवढा लागू होतो. एका बाजूला मगरपट्टा, दुसऱ्या बाजूला सासवड रस्ता. मधली मोकळी जमीन कोणाच्या डोळ्यांत भरत नसेल? ती केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आहे, महापालिकेची नाही, हे मला माहीत आहे. अशा मतदानाची सोय आपल्याकडे नाही. हरकती-सूचना असतात, त्या आम्ही इमानेइतबारे देतो.

पण महापालिकेची मुख्य सभा ठराव तर करू शकते. ग्लायडिंग चालू राहावे, आणि कधी बंद झालेच तर तिथे एकही इमारत उभी राहू नये, असा ठराव हडपसरच्या नगरसेवकांनी मांडून केंद्राकडे पाठवावा. मसुदा मी लिहून देते. आमच्या हास्यक्लबात एक निवृत्त वकील आहेत, ते तपासून देतील. फी घेणार नाहीत, चहा लागेल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
सातववाडी, हडपसर, पुणे