व्हेपचा रंग नको, आधी आपली तलफ बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी इंग्लंडला निघालेल्यांना आपल्या दैनिकातून वेळोवेळी मार्गदर्शन मिळतं. भाड्याचं घर, बँकेतलं खातं, थंडीचे कपडे, डाळ-तांदूळ कुठे मिळतात, हे सगळं मी इथे ई-आवृत्तीत वाचते. पण सिगारेट ओढणाऱ्या मराठी माणसाचं इथे आल्यावर काय होतं, यावर कुणीच लिहीत नाही. लंडनजवळच्या स्लाउमध्ये मी औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे आणि धूम्रपान सोडू पाहणाऱ्यांना मदत करणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. म्हणून हे पत्र, सिगारेट सोडायला व्हेप, म्हणजे बॅटरीवर निकोटीनचं लिक्विड तापवून त्याची वाफ देणारी ई-सिगारेट, कशी निवडायची आणि वापरायची याबद्दल.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठा आणि जाहिरात या सगळ्यांवर बंदी आहे. त्यामुळे पुढचा मजकूर महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी नाही. तो ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, आज सिगारेट ओढणाऱ्या आणि ती सोडायची इच्छा असलेल्या मराठी माणसासाठी आहे. ज्याने कधी सिगारेट ओढली नाही, त्याने व्हेपला हात लावू नये. १८ वर्षांखालच्यांना ते विकणं इथेही गुन्हा आहे.

१ जून २०२५ पासून ब्रिटनभर एकदा वापरून फेकायच्या व्हेपच्या विक्रीवर बंदी आली. कोपऱ्यावरच्या दुकानातून रंगीत कांडी घ्यायची, संपली की टाकून द्यायची, ही सवय लागलेल्यांना आता पुन्हा चार्ज होणारं, लिक्विड पुन्हा भरता येणारं आणि कॉइल (कापसात बसवलेली, लिक्विड तापवणारी तार) बदलता येणारं यंत्र घ्यावं लागतं. बंदी योग्यच होती, प्रत्येक कांडीबरोबर एक लिथियमची बॅटरी कचऱ्यात जात होती. पण नवं यंत्र कसं निवडायचं आणि सुरू कसं करायचं, हे गिऱ्हाइकाला नीट बसवून सांगणारे दुकानदार थोडे. डबा हातात दिला, पैसे घेतले, संपलं. मग माणूस घरी जाऊन भरतो, लगेच ओढतो, जळकी चव लागते, ठसका लागतो आणि तासाभरात तो पुन्हा सिगारेटचं पाकीट काढतो. वीस सिगारेटचं पाकीट इथे पंधरा पौंडांच्या आसपास आहे. तेवढे पैसे मोजून लोक पुन्हा तिथेच जातात, आणि कारण असतं एक न भिजलेला कापूस. हे पाहून मला खरोखर वाईट वाटतं.

उपयोग होतो का, हा प्रश्न रास्त आहे. २०१९ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या पीटर हायेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्या ८८६ जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना निकोटीनच्या पट्ट्या, च्युइंगगम वगैरे नेहमीची औषधं दिली, निम्म्यांना ई-सिगारेट. वर्षभरानंतर सिगारेटपासून दूर राहिलेले पहिल्या गटात ९.९ टक्के होते, दुसऱ्या गटात १८ टक्के. दुसऱ्या गटाला दिलेलं यंत्र पुन्हा भरायचंच होतं, सोबत एक बाटली होती आणि पुढचं लिक्विड ज्याने त्याने आपल्या आवडीनुसार घ्यायचं होतं. दोन्ही गटांना आठवड्याच्या आठवड्याला समुपदेशन होतं, हेही विसरू नये. आणि सिगारेट सुटलेल्यांपैकी ई-सिगारेटच्या गटातले ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. म्हणजे सिगारेट सुटली तरी निकोटीन लगेच सुटत नाही. व्हेप निर्धोक नाही. त्यात तंबाखू जळत नाही, त्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होत नाही, हा मोठा फायदा आहे. पण सिगारेटही ओढायची आणि व्हेपही, असं दोन्ही चालू ठेवलं तर हा फायदा पदरात पडत नाही.

आता निवडीबद्दल. माझ्याकडे येणारा माणूस बहुधा विचारतो, ‘कुठला फ्लेवर चांगला?’ माझा उलटा प्रश्न असतो: दिवसाला किती सिगारेट होतात आणि सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात लागते? डोळे उघडल्यावर अर्ध्या तासाच्या आत ज्याला लागते, त्याचं शरीर निकोटीनवर चांगलंच अवलंबून असतं. अशा माणसाने कमी ताकदीचं लिक्विड घेतलं की तो दिवसभर यंत्र तोंडाला लावून बसतो आणि तरी अस्वस्थच राहतो. इथे मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटीन असलेलं लिक्विड विकता येत नाही. दिवसाला वीसच्या आसपास ओढणाऱ्याला मी २० मिलिग्रॅमचं निकोटीन सॉल्ट (क्षाराच्या रूपातल्या निकोटीनचं लिक्विड) सुचवते. सॉल्ट घशाला कमी लागतं, त्यामुळे एवढी ताकदही सोसते. दहाच्या आसपास ओढणाऱ्याला १० मिलिग्रॅम बरेचदा पुरतं. अधूनमधून ओढणाऱ्याला त्याहून कमी. ‘कमी घेतलेलं बरं’ हा आपला मराठी संकोच इथे उपयोगाचा नाही. आधी सिगारेट पूर्ण बंद होऊ द्या, ताकद सावकाश उतरवता येते.

यंत्र साधं असावं. पेनाएवढं किंवा काडेपेटीहून थोडं लांबट, ओढलं की आपोआप चालू होणारं. कॉइलचा रोध ०.८ ते १.२ ओहमच्या दरम्यान असला की झुरका सिगारेटसारखा घट्ट येतो, धूर आधी तोंडात मग छातीत. ०.६ किंवा त्याखालची कॉइल मोकळा, मोठा धूर देते आणि लिक्विड जास्त पिते. तिच्यात २० मिलिग्रॅमचं सॉल्ट घातलं तर चक्कर आणि मळमळ होते. काही पॉडमध्ये (पॉड म्हणजे लिक्विड भरायची छोटी डबी) कॉइल आतच बसवलेली असते आणि पूर्ण पॉड बदलावा लागतो, काहींत नुसती कॉइल काढून दुसरी दाबून बसवायची. दुसरा प्रकार थोडा स्वस्त पडतो, पण ज्यांची बोटं थरथरतात किंवा चष्म्याशिवाय दिसत नाही त्यांना मी पहिलाच प्रकार घ्यायला सांगते. पॉडची भिंत पारदर्शक असावी, आत किती उरलंय ते दिसलं पाहिजे. आणि त्याच जातीचे सुटे पॉड आपल्या घराजवळ मिळतात का, हे यंत्र घेण्याआधी विचारावं.

लिक्विडच्या बाटलीवर पीजी आणि व्हीजीचं प्रमाण लिहिलेलं असतं, म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन. छोट्या पॉडला निम्मं-निम्मं मिश्रण लागतं. निकोटीनचं लिक्विड इथे १० मिलिच्याच बाटलीत मिळतं. पण शेजारीच ५० किंवा १०० मिलिच्या मोठ्या बाटल्या मांडलेल्या असतात आणि त्या स्वस्त दिसतात. त्यांत निकोटीन नसतं, ते वेगळं मिसळावं लागतं, आणि बहुतेकांत ग्लिसरीन जास्त असतं. इतकं दाट लिक्विड पॉडच्या कापसात नीट शिरत नाही. पैसे वाचवायला म्हणून ती बाटली घेणारे आपले पुष्कळ लोक आहेत.

मध्यंतरी मूळचे कोल्हापूरकडचे एक काका मुलाबरोबर दुकानात आले. आयुष्यभर ट्रान्सपोर्टच्या धंद्यात, तिशीपासून रोज एक पाकीट. मुलाने त्यांना आंब्याच्या चवीची, ३ मिलिग्रॅमची बाटली आणून दिली होती. काका म्हणाले, “पोरी, नुसता गोड वास येतोय बघ. तलफ कुठं भागतीया?” त्यांना मी आतल्या खोलीत बसवलं आणि श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणाऱ्या यंत्रात फुंकायला लावलं. आकडा आला २२. सिगारेट न ओढणाऱ्याचा तो दहाच्या खाली असतो. मग जास्त ताकदीचं लिक्विड घेऊन आम्ही नवा पॉड एकत्र भरला. पॉडच्या बाजूचं रबरी बूच नखाने उचललं, बाटलीचं टोक भोकात तिरकं धरलं आणि थेंब थेंब सोडले. सरळ दाबून धरलं की आतली हवा बाहेर यायला वाट राहत नाही, बुडबुडा अडकतो आणि लिक्विड बोटांवर येतं. वरची रेघ गाठायच्या आधी थांबलो. दोन मिलिपेक्षा मोठा पॉड इथे कायद्यात बसत नाही, त्यामुळे भरायला फार लागतच नाही. बूच बसवलं, टिश्यूने पुसलं आणि पॉड उभा ठेवून दिला.

काकांना लगेच ओढायचं होतं. मी म्हटलं, दहा मिनिटं थांबा. कॉइलभोवती कापूस असतो. निरांजनात कोरडी वात लावली तर ती तेल न पिता आधी स्वतः जळते, तसंच हे. कापूस एकदा करपला की त्या कॉइलची चव कधीच सुधारत नाही, ती टाकूनच द्यावी लागते. ती दहा मिनिटं आम्ही कोल्हापूरच्या ट्रक अड्ड्याबद्दल बोललो. मग पॉड यंत्रात बसवला, हवेची खिडकी अर्धी बंद केली. काकांनी सिगारेटसारखा झटक्यात जोराचा झुरका घेतला आणि तोंडात लिक्विडचा थेंब आला. व्हेप हळू ओढायचं असतं, तीन-चार सेकंद, मग थोडं थांबायचं. दुसऱ्या खेपेला त्यांना घशात ते ओळखीचं लागणं जाणवलं. खांदे खाली आले, मुलाकडे बघून मान हलवली. पुढच्या काही आठवड्यांनी त्यांचा आकडा ३ होता.

देखभालीचं फार काही नाही, पण करावी लागते. गुडगुड आवाज आला तर पॉड काढून टिश्यूवर झटकावा आणि खालचे धातूचे टिकले कोरडे करावेत. पॉडमध्ये चतुर्थांश उरलं की भरावं, तळ गाठू देऊ नये. आठवडा-दोन आठवड्यांत चव उतरते, लिक्विड काळपट दिसतं, तेव्हा कॉइल बदलायची वेळ झाली. गोड लिक्विडं कॉइलवर थर धरतात आणि ती लवकर जाते. चार्जिंग डोळ्यांसमोर करावं, रात्रभर उशाशी लावून झोपू नये. जुनं यंत्र कचऱ्याच्या डब्यात टाकू नये, विकणाऱ्या दुकानाला ते परत घ्यावं लागतं.

घरात लहान मूल असेल तर बाटलीबद्दल मी फार कडक बोलते. या बाटलीतलं निकोटीन मुलाच्या पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं. टोपण मुलांना उघडणार नाही असं असतं, पण घाईत आपणच ते अर्धवट लावतो. आजी-आजोबांच्या औषधांच्या डब्यात, खोकल्याच्या बाटलीशेजारी ही बाटली ठेवल्याचं मी ऐकलं आहे. कुलपात ठेवा. त्वचेवर सांडलं तर लगेच धुवा.

सांगण्यासारखं आणखी एक. इंग्लंडमध्ये अनेक पालिका धूम्रपान सोडणाऱ्यांना सुरुवातीचं किट मोफत देतात, सोबत समुपदेशनही. २०२३ साली सरकारने त्यासाठी योजना जाहीर केली होती. आपले लोक तिथे जायला लाजतात. जनरल प्रॅक्टिशनरकडे (इथला फॅमिली डॉक्टर) किंवा जवळच्या औषधाच्या दुकानात फक्त विचारावं. १ ऑक्टोबर २०२६ पासून दर १० मिलि लिक्विडवर २.२० पौंड कर ठरला आहे, तेव्हा खर्चही वाढणारच.

आणि सुट्टीत गावी जाताना हे यंत्र इथेच ठेवा. विमानात ते हातातल्या बॅगेत चालतं म्हणून मुंबईत चालेल असं नाही. भारताच्या कायद्यात आयातीसाठी पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. काका दोन महिन्यांसाठी कोल्हापूरला निघाले तेव्हा आम्ही त्यांना निकोटीनच्या पट्ट्या आणि च्युइंगगम दिले, कसं वापरायचं ते मराठीत कागदावर लिहून. गावात पुतणे सिगारेट पुढे करतील तेव्हा काय म्हणायचं, तेही बोलून ठेवलं.

महाराष्ट्रातल्या वाचकांना सिगारेटपेक्षा तोंडात धरायच्या तंबाखूचा त्रास कितीतरी जास्त आहे, हे मी जाणते. चुना-तंबाखू, गुटखा, मिश्री यांवर व्हेप हा उपाय नाहीच. त्यांच्यासाठी सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत मदतवाहिनी आहे आणि निकोटीनचं च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळतं. तो क्रमांक आपल्या दैनिकात आठवड्यातून एकदा तरी ठळक छापावा, अशी माझी विनंती आहे. आणि परदेशी जाणाऱ्यांसाठीच्या सदरात धूम्रपान सोडण्याची माहिती द्याल, तेव्हा कुठल्याही कंपनीचं नाव न घालता द्यावी. या पत्रात मीही ते मुद्दाम टाळलं आहे.

आपली नम्र,
एक मराठी फार्मासिस्ट,
स्लाउ, इंग्लंड