भात सोडू नकोस

वेंगुर्ले

चि. मंदार यास आईचे अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, नूडल्स सोडल्या, आता भातही बंद केलाय. ऐकल्यापासून जिवाला घोर लागलाय. किडनीचा आजार म्हणजे उपास नव्हे रे. डाळ आणि मासळी तुला मोजून खायला सांगितलीय, मग अंगात ताकद यायची कुठून? भातातूनच ना? ती कमी पडली की शरीर स्वतःचे स्नायू जाळतं आणि रक्तात युरिया वाढतो. तुझ्या किडनीला बाहेर टाकायला जड जाणारे पोटॅशियम आणि फॉस्फरस पांढऱ्या भातात दोन्ही कमी. मीठ न घालता शिजव, भरपूर पाण्यात, आणि वेळून घे. साखरेचा त्रास तुला नाही, तेव्हा दोन वेळा पोटभर जेव.

नूडल्समध्ये मैद्याचा दोष थोडा, खरी गोम मसाल्याच्या पुडीत. तुला दिवसाला सोडियम २००० मिलिग्रॅमच्या आत ठेवायचंय आणि बऱ्याच पाकिटांत एका वेळचंच हजाराच्या आसपास असतं. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचत जा. वरून घातलेल्या पदार्थांचे क्रमांक तिथे असतात: ५०१, ५०८ हे आकडे पोटॅशियमच्या क्षारांचे, ४५१, ४५२ फॉस्फेटचे. धान्यातला फॉस्फरस निम्माअधिक तसाच बाहेर पडतो, हा वरून घातलेला मात्र जवळजवळ सगळा रक्तात उतरतो. अगदीच राहवलं नाही तर पुडी फेकून दे, नूडल्स उकळून पाणी ओतून टाक आणि लसूण, मिरपूड, लिंबू घालून परतून घे. पण रोज नको. आणि ते 'कमी सोडियमचं' मीठ घरात आणूच नकोस, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं.

त्यापेक्षा शिरवाळे, म्हणजे आपल्या तांदळाच्या शेवया, कर. तांदळाच्या पिठाची उकड काढ, चांगली मळ, मुठीएवढे गोळे उकळत्या पाण्यात सोड. वर तरंगले की गरम असतानाच साच्यात घालून दाब, गार झाले तर दांडा हलत नाही. तारा पडताना वाफ हातावर येते, सांभाळ. आपल्याकडे नारळाच्या रसात बुडवून खातात, पण रसात पोटॅशियम बरंच, म्हणून तू मोहरी, हिंग, कढीपत्त्याची फोडणी दे आणि वर लिंबू पिळ. शहाळंही सध्या नको. बटाटा हवाच असला तर पातळ कापून भरपूर पाण्यात उकड आणि ते पाणी टाक.

शनिवारच्या गाडीने तांदळाचं पीठ आणि लहान साचा पाठवतेय. सुकट, पापड, लोणचं मुद्दाम ठेवलं नाही, शोधू नकोस. नाचणीत पोटॅशियम आणि फॉस्फरस तांदळापेक्षा जास्त, म्हणून तीही थांबवलीय. नवा रिपोर्ट आला की दोन्ही आकडे फोनवर सांग, डॉक्टरांनाही विचार, मग नाचणीचं बघू.

तुझी आई