बारीक नसेचा स्टेंट : कंपनीआधी माप विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हृदयाच्या नसेतला अडथळा फुग्याने उघडून तिथे स्टेंट, म्हणजे तारेची बारीक जाळी, बसवतात. हे जिथे होते त्या कॅथलॅबच्या दाराशी नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘स्टेंट इंडियन की इम्पोर्टेड?’ नस अडीच मिलिमीटरपेक्षा बारीक असेल, तर या प्रश्नात काही हशील नाही. अशा वेळी पाहायचे ते माप, तारेची जाडी आणि औषध.

स्टेंट टाकल्यावर आतून मऊ थर चढतो. त्याने नसेचा व्यास अर्धा मिलिमीटर कमी झाला, असे धरू. साडेतीनच्या नसेत रक्ताची वाट २७ टक्के अरुंद होते. सव्वादोनच्या नसेत तोच थर ४० टक्के वाट खातो. म्हणून बारीक नसेत औषधी, म्हणजे हा थर रोखणारे औषध लावलेला, स्टेंटच हवा, आणि औषधाचीही निवड हवी. मधुमेह नसलेल्या ३६० रुग्णांच्या बारीक नसांवर जर्मनीत चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००६ मध्ये आले : नस पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण पॅक्लिटॅक्सेल या औषधाच्या स्टेंटमध्ये १९ टक्के, सिरोलिमसच्या स्टेंटमध्ये सुमारे ११ टक्के. आज वापरातले एव्हरोलिमस आणि झोटारोलिमस सिरोलिमसच्याच घराण्यातले.

तारेचे तसेच. जुन्या सायफर या स्टेंटची तार १४० मायक्रॉन (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर) जाड, झायन्सची ८१, तर लहान मापातल्या ऑर्सिरोची आणि सुरतेच्या सुप्राफ्लेक्सची ६०. तार दोन्ही भिंतींना बसते, म्हणजे बारीक नसेत सायफर पाव मिलिमीटरहून जास्त जागा अडवायचा. सुप्राफ्लेक्स २०१९ च्या युरोपातल्या चाचणीत झायन्सच्या तोडीस उतरला. ती फक्त बारीक नसांची नव्हती, पण ‘इंडियन म्हणजे हलका’ हा समज तिने खोटा ठरवला. इम्पोर्टेडसाठी कोणी कर्ज काढू नये. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. पुढे आकडा बदलत गेला, तरी बारीक नसेचा म्हणून वेगळा दर त्यात नाही.

चुका होतात त्या मापात. आकसलेली नस आहे त्याहून बारीक दिसते, म्हणून आधी नसेत नायट्रोग्लिसरीन देऊन मगच माप घ्यावे. स्टेंट लहान पडला तर भिंतीपासून सुटा राहतो, तिथे गुठळी धरते. मोठा पडला तर कडेला नस चिरते. काही वेळा धातू न ठेवता औषधी (औषध लावलेल्या) फुग्यानेही भागते : तीन मिलिमीटरखालच्या नसांच्या ७५८ रुग्णांत तो वर्षभरात स्टेंटपेक्षा कमी ठरला नाही (२०१८). अट एवढीच, की साध्या फुग्याने नस आधी नीट उघडलेली असावी, मोठी चीर नसावी. दोन मिलिमीटरखालची नस थोड्याच स्नायूला रक्त देत असेल, तर बहुतेकदा गोळ्याच बऱ्या.

रुग्णालयातून सुटीच्या कागदांत स्टेंटचे स्टिकर लावलेले कार्ड असते. ‘२.२५ × २८’ म्हणजे सव्वादोन मिलिमीटर व्यास, अठ्ठावीस लांबी. बारीक आणि लांब, म्हणजे जोखीम जास्त. ते कार्ड पेटीत न ठेवता खिशात ठेवावे.

हृदयाच्या झटक्यानंतर स्टेंट पडला असेल तर ॲस्पिरिनसोबतची दुसरी गोळी, क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर, साधारण वर्षभर चालते. बरे वाटले म्हणून किंवा दात काढायचा म्हणून ती परस्पर बंद केली, तर स्टेंट एकाएकी बुजू शकतो. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ता तुटतो. तिकडच्या रुग्णाला पावसाळ्यापूर्वीच दोन महिन्यांच्या गोळ्या हाती द्याव्यात, आणि गोळी परस्पर बंद करू नये हे सुटीच्या कागदावर मराठीत लिहून द्यावे, ही सर्व रुग्णालयांना विनंती.

आपला,
एक हृदयरोगतज्ज्ञ, चंद्रपूर